किरणांचं सुतक

आशाबाईंच्या छातीत पहिली कळ आली ती सोमवारी, आणि सोमवारी त्यांचा उपास असल्यामुळं त्या कळेकडं दुपारपर्यंत कुणी लक्ष दिलं नाही, खुद्द आशाबाईंनीसुद्धा. सोमवारी कुरकुर केली तर शंकराला वाटायचं, आपल्यासाठी केलेलं हिला जड झालं. गुरुवारी पुन्हा कळ आली. गुरुवारी दत्ताचा उपास. चतुर्थीला आली तेव्हा मात्र त्यांच्या यजमानांनी, आप्पासाहेबांनी, हातातला पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आता दाखवावं लागंल."

आशाबाईंचे रोजचे नेम पुष्कळ. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. खोटं बोलायचं नाही. कुणी विचारल्याशिवाय आपलं दुखणं सांगत बसायचं नाही. आवाज चढवायचा नाही, हा नेम त्यांनी मुद्दाम धरलेला नव्हता, देवानंच गळ्यात तसा बसवून दिला होता. त्या बोलायला लागल्या की समोरच्याला दोनदा "आँ?" म्हणावं लागे, आणि पुंडलिकनगरात दोनदा "आँ?" म्हणायला सवड कुणाला होती? एकदा म्हणून लोक आपलंच सुरू करत.

सगळ्यात नवा नेम सुनेचा. सून आवडा, लासूर स्टेशनच्या साळूबाईंची लेक, आजीचं नाव लावलेली. तिला पाचवा महिना लागला तसं आशाबाईंनी ठरवलं, रोज दिवेलागणीला तिच्या पोटावर डावा हात ठेवायचा आणि उजव्या हातानं रामनामाची एक माळ ओढायची. बाळ जगात येईल तेव्हा रामाचं नाव त्याला नवं वाटू नये, एवढाच हेतू. माळ सुरू झाली की संपेपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि एकही संध्याकाळ चुकवायची नाही.

तर डॉक्टरांनी नळी लावली, कागदावर रेघा काढल्या आणि सांगितलं, पुण्याला जाऊन हृदयाचा फोटो काढून आणा. शिरेतून औषध देतात, ते हृदयात जाऊन बसतं, मग यंत्राला दिसतं.

शेजारचे बद्रीनाथ वीज खात्यातून रिटायर झालेले. तारेतून येणारं आणि तारेशिवाय येणारं, दोन्ही आपल्याच खात्यातलं, अशी त्यांची समजूत. मनगटावर निजामाच्या काळातलं विलायती घड्याळ, सासऱ्यानं लग्नात दिलेलं. त्याचे काटे अंधारात अजून चमकतात असं ते सांगत, आणि बघायला कुणी थांबत नसे.

"आप्पासाहेब, ते औषध साधं नाय बरं का," ते कुंपणावरून म्हणाले. "अणूचं असतंय. किरणं निघतेत त्याच्यातून."

"मग काय करावं म्हणता?"

"जा की. मी नको कुठं म्हणलो? फकत सांगून ठिवलं."

बद्रीनाथांचे सगळे सल्ले असेच असत. पुढं काही झालं तर सांगून ठेवलेलं असावं.

पुण्याच्या दवाखान्यात उपाशीपोटी बोलावलं होतं. आशाबाईंना ऐकून बरं वाटलं. या एका परीक्षेत तरी आपण पहिल्या येऊ. त्यात त्या दिवशी एकादशी. पण सुई टोचल्यावर तिथली पोरगी म्हणाली, "काकू, आता काहीतरी चांगलं तुपकट खाऊन या, म्हणजे फोटो स्वच्छ येतो." आशाबाईंनी एकादशीचं कारण सांगितलं. पोरगी "आँ?" म्हणाली. दुसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाली, "अहो काकू, यंत्राला एकादशी कळत नाही." शेवटी आप्पासाहेबांनी सगळी पेठ पालथी घालून साबुदाण्याची खिचडी आणली, तिच्यावर बोटभर तूप ओतून घेतलं आणि देव व विज्ञान दोघांचाही मान राखला.

निघताना पोरीनं सूचना दिल्या. "पाणी भरपूर प्या. अंगात थोडी किरणं राहतात, म्हणून आजच्या दिवस लहान लेकरं आणि गरोदर बायका यांना अगदी जवळ घेऊ नका. उद्यापासून काही नाही."

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी आशाबाईंना एकटीलाच आत बोलावून फोटोत काय दिसलं ते सांगितलं. आप्पासाहेब तेव्हा बिलाच्या खिडकीशी होते. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "झालं ना? चला, एस.टी. चुकंल." आशाबाई चालू लागल्या. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा नेम त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच मनापासून पाळला.

घरी पोचल्या तेव्हा दिवे लागत होते. एस.टी.नं हाडं खिळखिळी झालेली, डोळ्यांवर झापड. आवडानं समई लावून ठेवली होती आणि पाटाशेजारी पाय लांब करून बसली होती. आशाबाईंनी पाय धुतले, माळ घेतली, डावा हात जागेवर गेला. हाताला काय, रोजची वाट पाठ.

माळ मेरुमण्याशी आली आणि पोटातून हाताला टुणकन धक्का बसला. पहिलाच.

"आई!" आवडा हसली. "तुम्हांला लागलं?"

आशाबाईंचा चेहरा फुलला आणि तसाच थिजला. पुण्याची पोरगी, तिचा पांढरा कोट आणि "गरोदर बायका" हे दोन शब्द एकदम डोळ्यांपुढं उभे राहिले. त्यांनी हात असा मागं घेतला की माळ समईत पडली.

बाळानं धक्का दिला तो रामनाम ऐकून, का किरणं टोचली म्हणून?

रात्रीपासून आशाबाई बाजूला बसल्या. त्यांना अडचणीची एकच रीत ठाऊक होती: विटाळ, सुतक, काहीही असो, आपलं अंथरूण-पांघरूण, ताट-तांब्या घेऊन दूर बसायचं आणि फिटेपर्यंत देवाला, चुलीला, माणसाला शिवायचं नाही. घर दोनच खोल्यांचं, म्हणून पुढच्या जाळीच्या व्हरांड्यात बसल्या. देवपूजा आप्पासाहेबांच्या गळ्यात आली. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. माल मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, एवढंच त्यांना येई. त्यांनी सगळे देव ताम्हनात मोजून घेतले, धुतले आणि परत ठेवताना एक जास्त भरला. पाऊण तास शोधाशोध झाली तेव्हा कळलं, बाळकृष्णाबरोबर आवडाची कुंकवाची डबी पण आंघोळ करून बसली होती.

सकाळी शेजारच्या गोजरबाई विरजण मागायला आल्या.

"हे काय वो आशाबाई? कोणाचं सुतक आलं?"

आशाबाईंनी खरं ते सांगितलं. अंगात किरणं आहेत, पोटुशीनं जवळ यायचं नाही. पुढचं वाक्य "फक्त कालच्या दिवस" असं होतं; पण ते बाहेर पडायच्या आत गोजरबाई विरजणाची वाटी तिथंच टाकून दुसऱ्या गल्लीत पोचल्या होत्या.

दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावाचा सोळा वर्षांचा प्रश्न संक्रांतीपर्यंत सुटणार अशी कुणकुण होती. चौकाचौकात पोलीस, एस.टी. कधी चालू कधी बंद. त्यामुळं बाप्ये घरीच, आणि घरी बसलेल्या बाप्याला सल्ला देण्याशिवाय दुसरा उद्योग तो कोणता? दुपारपर्यंत आशाबाईंच्या किरणांवर पुंडलिकनगरात बैठक भरली.

"किरणं पिढीत उतरतेत," बद्रीनाथ म्हणाले. "सात पिढ्या. मी आधीच सांगून ठिवलं होतं."

"पण फिटतंय कधी?" गोजरबाईंचा प्रश्न रोकडा होता.

त्यासाठी आप्पासाहेब कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेले. मागून अर्धी गल्ली गेली. काचेच्या खोक्यात आप्पासाहेब, त्यांच्या खांद्यावर बद्रीनाथांची हनुवटी, बाकीचे काचेला नाक लावून. पुण्याचे डॉक्टर सापडले.

"साहेब, माल आत किती गेला ते कळलं. बाहेर कधी जातो?"

"सहा तासांत निम्मं संपतं," डॉक्टर म्हणाले.

"आणि उरलेलं?"

"पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मं."

"आणि त्याच्यातून उरलं ते?"

"त्याच्याही निम्मं. अहो, दोन दिवसांनी त्यात नाव घेण्यासारखं काही राहत नाही. अजून काही विचारायचंय?"

विचारायचं तर होतं. सुनेच्या पोटावर हात ठेवला होता, नातवाला काही झालं का, एवढंच खरं विचारायचं होतं. तेवढ्याचसाठी तर फोन केला होता. पण सुनेच्या गरोदरपणाचा शब्द सासऱ्यानं तोंडातून काढायचा, आणि तोही काचेला नाकं लावलेल्या गल्लीसमोर? आप्पासाहेबांचे कान लाल झाले. "नाही साहेब," ते म्हणाले, "बाकी हवापाणी ठीक आहे ना पुण्याला?" आणि फोन ठेवला.

बद्रीनाथांनी बाहेर येऊन भिंतीवर कोळशानं एक भाकरी काढली, तिची निम्मी, निम्मीची निम्मी. "बगा. निम्मं-निम्मं करीत गेलं तर भाकर संपती का? तुकडा राहतोच. म्हणजे हे फिटतच नाय."

शेवटी गोजरबाईंनी तोड काढली. माणूस गेला तरी दहा दिवसांत फिटतं, मग किरणं काय माणसापेक्षा मोठी लागून गेली? दहा दिवस धरा. आप्पासाहेबांनी मान डोलावली. दहा दिवसांच्या पोटात संक्रांत येते, हे फक्त आशाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सांगितलंही. दोघं-तिघं "आँ?" म्हणाले.

नेमाचं काय? माळ तर चुकवायची नव्हती. मग आवडा आतल्या खिडकीशी बसू लागली आणि आशाबाई बाहेर जाळीपाशी. पण त्यांचा आवाज खिडकीपर्यंत पोचेना. म्हणून मध्ये दारात आप्पासाहेब बसले. आशाबाई हळूच "राम" म्हणायच्या आणि आप्पासाहेब आत वळून, स्टोअरमधून माल पुकारावा तसे "राऽम!" म्हणून पुढं पाठवायचे. तिसऱ्या मण्याला समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं हो?"

हात लावल्याशिवाय माळ लागू होत नाही, ही आशाबाईंची चुटपुट होतीच. गोजरबाईंनी सुचवलं, पूजेत बांधतो तसा हळदीच्या पाण्यात भिजवलेला सुती दोरा घ्या. एक टोक आशाबाईंच्या हातात, दुसरं आवडाच्या पोटावर. दोरा बांधून होतो न होतो तोच बद्रीनाथ कुंपणावरून ओरडले, "वला दोरा करंट घिऊन जातो!" आप्पासाहेबांनी दोरा असा झटक्यात ओढला की वाटेतली तुळशीची कुंडी आडवी झाली. आशाबाईंनी जाळीतूनच तुळशीची क्षमा मागितली.

मुलगा त्रिंबक वाळूजच्या कारखान्यात पाळीवर. तो रात्रपाळी करून यायचा, आईकडं बघायचा, बायकोकडं बघायचा आणि कुणाची बाजू घ्यावी हे न कळून झोपायचा.

तिसऱ्या दिवशी देवगाव रंगारीहून आप्पासाहेबांचे थोरले भाऊ तात्यासाहेब आले. बाहेर चप्पल काढावी का नाही, याचा विचार करत फाटकातच उभे राहिले.

"आप्पा, एकच सांग. सुतक निस्तं तुझ्या घराला, का समद्या भावकीला?"

"दादा, सुतक नाही ते. औषध आहे."

"पर पिढीत उतरतं म्हणत्यात. पिढी आपली येकच ना? माघात पोराचं लगीन धरलंय. पावनं इचारतेत. गुरवाला पंचांग बघाय लावलं, तर त्येच्यात किरणाचं काय दिलंच नाय."

पंचांगातही नाही म्हटल्यावर मात्र आशाबाई हबकल्या. ज्याची पंचांगात सोय नाही, त्याची शांत तरी कशी करायची? दिवसभर त्या आपल्या डाव्या हाताकडं बघत बसत. याच हातानं आपण काही केलं असेल का? बाळ त्यानंतर हललंय का, हे आवडाला विचारायचा धीर त्यांना होत नव्हता. हललं म्हणाली तर टोचतंय की काय असं वाटायचं, आणि नाही म्हणाली तर तो विचारच नको.

संक्रांत उजाडली. दरवर्षी आशाबाईंचं हळदीकुंकू म्हणजे गल्लीतलं पहिलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या मागच्याच महिन्यात आणून ठेवलेल्या. आवडानं अंगण झाडून रांगोळी काढली. गोजरबाई रांगोळीपर्यंत आल्या, लांबून हळदीकुंकवाची बोटं हवेतच ओढली आणि म्हणाल्या, "पावलं बरं का आशाबाई!" दुसरी कुणी तेवढीही आली नाही. वाट्यांची चळत जाळीतून चमकत होती, आणि जिला आजवर सगळं पुंडलिकनगर ओटी भरायला बोलवायचं ती बाई त्या चळतीकडं पाठ करून वाती वळत होती.

त्याच दिवशी नामांतर झालं. कुठं फटाके वाजले, कुठं शटरं खाली आली. एस.टी. बंद, म्हणून साळूबाई लासूरहून रेल्वेनं आल्या, तिळगुळाचा डबा डोक्यावर धरून. विहीणबाई अंगानं थोराड, आवाजानं त्याहून. फाटकातूनच म्हणाल्या, "आवडे, कापडं भर."

"आई, बस तरी," आवडा म्हणाली.

"बसत नसते म्या. लासूरच्या बाजारात बाया मला इचारतेत, तुह्या लेकीची सासू बाँब खाऊन आली म्हून! हितं लेकरू वाळून जाईल माझ्या लेकीचं. वंशाचा इचार हाय का नाय?"

आशाबाई उठून उभ्या राहिल्या. "विहीणबाई, मी..."

"आँ?" साळूबाई म्हणाल्या, आणि पुढचं त्याच बोलल्या. आवडाला घेऊन त्या आत्ताच निघणार होत्या. पण परतीची गाडी दुसऱ्या दिवशी, आणि दुसरा दिवस करिदिन! करिदिनाला पोटुशी लेक घराबाहेर काढायची? साळूबाई कितीही तापल्या तरी रीतीबाहेरच्या नव्हत्या. त्यांनी पाटावर बैठक मारली.

"परवाच्या पहिल्या गाडीनं नेते. तवर कुणी शाणं माणूस मला दाखवून दिलं की विहीणबाईच्या अंगात काय नाय, तर ठिवते. नायतर बाळंतपण लासूरला, आन बारसंबी तिकडंच."

आशाबाईंनी पदराचं टोक डाव्या हातावर गुंडाळून घेतलं. ते आप्पासाहेबांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते दाखला काढायला निघाले. आरोग्य खात्याच्या खिडकीवरचा माणूस मनापासून मदत करणारा होता. त्याच्याकडं पटकीचा दाखला होता, देवीचा जुना होता, कुत्रं चावल्याचा होता. किरणं नसल्याचा मात्र नव्हता. "विद्यापीठात जा," तो म्हणाला. "तिथं किरणं मोजायचं यंत्र असतंय."

रिक्षावाला म्हणाला, "चच्चा, उधर तो पुलिसच पुलिस है. मैं नाके तक छोडतू, आगे तुम जानो."

फाटकाशी तंबू, तंबूपाशी हवालदार.

"काय काम?"

"यंत्र न्यायचं होतं."

"कसलं?"

"अणूचं," आप्पासाहेब म्हणाले. मग खुलासा करावा म्हणून, "घरी बायको आहे. तिच्यात किरणं आहेत."

हवालदारानं त्यांच्यावरची नजर न हलवता मागं हाक मारली, "साहेब, जरा हिकडं या लवकर."

असा एक सभ्य, पापभीरू, दर वर्षी वेळेत घरपट्टी भरणारा माणूस नामांतराच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या दारात बाकावर बसवला गेला. फौजदारांनी दोनदा झडती घेतली. खिशात रुमाल, चष्म्याचं घर आणि आशाबाईंनी पुडीत बांधून दिलेला तिळगूळ सापडला. तिळगूळ फौजदारांनी हुंगून बघितला. आप्पासाहेबांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

फाटकाशी नमस्कार करायला माणसांची रीघ लागली होती. बायका, म्हातारी माणसं, खांद्यावरची पोरं. कुणी फाटकाला हात लावून डोळ्यांना लावत होतं. त्यांच्यातून कपाळावर निळा गुलाल लावलेला एक तरुण पेढे वाटत तंबूपाशी आला. शुद्धोधन सर, तिथंच फिजिक्स शिकवणारे. फौजदारांनी हसत हसत त्यांना प्रकरण सांगितलं. सर हसले नाहीत. आप्पासाहेबांशेजारी बाकावर बसले आणि दोन वेळा "आँ?" न म्हणता सगळं ऐकून घेतलं. आणि काय नवल, समोर गल्ली नव्हती म्हणून का होईना, आप्पासाहेब पोटावरच्या हाताचंही बोलून गेले.

"मी येतो यंत्र घेऊन," सर म्हणाले. "आज कुणालाही नाही म्हणायचं नाही, असं ठरवलंय मी. पण बाहेर न्यायला अर्ज लागेल. द्या लिहून. विभागप्रमुख इथंच राहतात, सही आणतो."

हवालदारानं कागद दिला. आप्पासाहेबांनी लिहिलं, "प्रति, विभागप्रमुख, पदार्थविज्ञान विभाग," आणि पेन थांबलं. पुढं विद्यापीठाचं नाव. जुनं का नवं?

"सर्क्युलर आलं नाय अजून," हवालदार म्हणाला.

"मला विचारू नका, मी बंदोबस्ताला आहे," फौजदार म्हणाले.

शुद्धोधन सर मुद्दामच दुसरीकडं बघत होते. आप्पासाहेबांनी सोळा वर्षं कारखान्यात या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. दोन्हीकडची माणसं स्टोअरला यायची. पण ज्याचा माल त्याचं नाव पुरतं लिहायचं, त्यात काटछाट करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासून विद्यापीठापर्यंत सगळं लिहिलं. नाव एका ओळीत मावेना, दुसरीत गेलं.

सरांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. "कालपासून किती जणांच्या तोंडून ऐकलं हे," ते म्हणाले, "पण अर्जावर लिहिलेलं पहिल्यांदाच बघतोय." त्यांनी घडी अशी घातली की नावावर चुरगळी येऊ नये.

संध्याकाळी सरांची स्कूटर पुंडलिकनगरात शिरली तेव्हा गल्ली आधीच व्हरांड्यासमोर जमलेली. साळूबाई पाट घेऊन पुढं बसल्या. सरांनी लाकडी पेटी उघडली, नळी काढली, बटण दाबलं. यंत्र थांबून थांबून बोललं: टिक... टिक... टिक.

"आहे! आहे!" बद्रीनाथ म्हणाले.

"हे भिंतीतलं, दगडातलं, आभाळातलं," सर म्हणाले. "सगळीकडं असतं. तुमच्या-माझ्या अंगातपण." त्यांनी नळी तुळशीशी धरली. टिक... टिक. मग आशाबाईंच्या छातीशी. टिक... टिक. मग डाव्या हाताशी. गल्लीनं श्वास धरला. टिक... टिक. भिंतीइतकंच.

"अवो, पण बारीक किरणं असतील तर?" बद्रीनाथांनी समजावून सांगायला हात पुढं केला, आणि यंत्र एकदम कढईत मोहरी पडल्यासारखं तडतडायला लागलं.

सगळे मागं सरकले. बद्रीनाथांनी हात मागं घेतला, यंत्र थंड. पुढं केला, पुन्हा मोहरी.

"घड्याळ," सर म्हणाले. "जुनं रेडियम आहे काट्यांना. उघडू मात्र नका कधी."

"सासऱ्यानं लग्नात दिलंय हो हे!" बद्रीनाथांचा आवाज आशाबाईंच्याही खाली गेला.

साळूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "लगीन झाल्यापास्नं मनगटावर? आन लेकरं किती तुम्हांला?"

"पाच. नातवंडं शाळेत जातेत."

"धडकी हाईत?"

"एक पैलवान आहे."

"मंग सात पिढ्या सात पिढ्या काय लावलं होतं?"

कुणी हसायच्या आत एक गोष्ट घडली. यंत्र ऐकायचं म्हणून सगळी गल्ली अजून चिडीचूप होती, आणि त्या शांततेत आशाबाईंचं बोलणं पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं.

"सर, आज नाहीत ते कळलं. पण त्या दिवशी होती. त्या दिवशी दिवेलागणीला मी हिच्या पोटावर हात ठेवला होता. माळ संपेपर्यंत. बाळाला काही झालं असेल का?"

सरांनी यंत्र बंद केलं आणि त्यांच्यासमोर खालीच बसले.

"औषध तुमच्या शिरेत गेलं, तिच्या नाही. सकाळी टोचलेलं, संध्याकाळपर्यंत बरंचसं संपलेलं. एका माळेच्या वेळात बाळापर्यंत जे गेलं असेल ते, आपण सगळे एका दिवसात नुसते घरात बसून घेतो त्याच्याहून कमी. दवाखान्यात जपायला सांगतात, कारण जपणं फुकट असतं. काही झालेलं नाही."

"आन वंशाचं?" साळूबाई अडून बसल्या. "पिढीत उतरायचं?"

"आजी, जपानात एवढे मोठे बाँब पडले. त्यातून वाचलेल्यांना पुढं जी लेकरं झाली, त्यांच्यात शास्त्रज्ञ कित्येक वर्षं दोष शोधतायत. वेगळं असं काही हाती लागलं नाही. इथं तर फोटोपुरतं चिमूटभर औषध." सर आप्पासाहेबांकडं वळले. "आणि मुलगा केवढा तुमचा?"

"सत्तावीस."

"सुई आत्ता टोचली. ती सत्तावीस वर्षं मागं जाऊन त्रिंबकरावांना कशी लागेल?"

गल्ली विचारात पडली. साळूबाईंनी बोटांवर हिशेब करून बघितला, आणि मग डब्यातला एक लाडू काढून आधी सरांच्या, मग आशाबाईंच्या हातात ठेवला. बोटाला बोट लावून. "घ्या, विहीणबाई. मला तरी कुणी नीट सांगितलं का? समदी भाकरीच दाखवाय लागली."

दुसऱ्या क्षणी गोजरबाई हळदीकुंकवाला सगळ्यात पुढं होत्या. "म्या तर म्हणतच होते," त्या म्हणाल्या. करिदिनाला वाण लुटायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. शुद्धोधन सरांनाही आशाबाईंनी एक वाटी दिली. बद्रीनाथ एकटे कुंपणापलीकडं, मनगट रुमालात गुंडाळून उभे होते. आशाबाईंनी एक वाटी त्यांच्या बायकोकडंही पाठवली.

दिवे लागले. गल्ली पांगली. समईजवळ आवडा पाय लांब करून बसली, आशाबाई शेजारी. इतक्या दिवसांनी हात जागेवर गेला. साळूबाई भिंतीला टेकून बघत होत्या.

"आई," माळ सुरू व्हायच्या आत आवडा म्हणाली, "एक राहिलंच. तुमच्या हृदयाचं काय निघालं?"

आप्पासाहेबांनी मान वर केली. एवढं रामायण झालं, सगळं पुंडलिकनगर, देवगाव, लासूर, पोलीस, विद्यापीठ पालथं झालं, आणि हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीसुद्धा.

आशाबाईंनी घाईनं पहिला मणी ओढला. माळ सुरू झाली की दुसरा शब्द नाही. एक माळ झाली. त्यांनी न थांबता दुसरी धरली. असा उत्साह त्यांच्यात कुणी बघितला नव्हता. तिसरीच्या मध्यावर हाताखालून टुणकन धक्का आला, चांगला दणदणीत. आशाबाईंचे डोळे भरून आले, पण ओठ हलत राहिले. तिसरी संपली.

आवडा हलली नव्हती. "काय म्हणाले डॉक्टर?"

खोटं बोलायचं नव्हतं. पुण्याच्या त्या खोलीत मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, बाई, हृदय अगदी ठणठणीत आहे. ही कळ पोटातल्या आम्लाची आहे, तुम्ही हे उपास बंद करा. आज चतुर्थी होती. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि छातीत तीच ती ओळखीची कळ हळूहळू डोकं वर काढत होती.

आशाबाईंनी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. देवाशी त्यांचं काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. मग त्या सुनेकडं वळल्या, आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या स्पष्ट आवाजात बोलल्या की कुणालाच "आँ?" म्हणावं लागलं नाही.

"वाढ मला," त्या म्हणाल्या. "भाकर वाढ."